उजव्या इंजिनाचा काटा

सोमवार, ४ मार्च

शेवटी आप्पांची बोट दुरुस्तीसाठी माझ्याच गळ्यात पडली! यार्डातले हेडमिस्त्री म्हणाले, "घरचंच काम आहे, तूच बघ." घरचंच! सासरे वर्षभर माझ्याशी धड बोलत नाहीत, हे त्यांना कोणी सांगावं?

तक्रार नीट लिहून काढते, म्हणजे डोकं चालेल. बोटीला दोन इंजिनं, डावं आणि उजवं. दोन्ही एका वेगात फिरली तर बोट शांत चालते. जरा मागेपुढे झाली की घुमायला लागते — वूंऽ... वूंऽ... — बाकडी थरथरतात, प्रवासी कुरकुरतात. म्हणून मालकाने दोन महिन्यांपूर्वी सिंक्रोनायझर बसवून घेतला. बटण दाबलं की तो डबा उजव्याचा वेग आपोआप डाव्याशी जुळवतो. पण बटण दाबताच वेगाच्या मीटरचे तोवर जुळलेले काटे फाकतात! डावा १८००, उजवा १९५०. आप्पा म्हणतात डबा भिकार आहे, आणि बंद करून ठेवतात. की पुन्हा घुमणं सुरू.

मालकाचा निरोप — "शनिवारपर्यंत सांगा, बिघाड डब्यात आहे की चालवणाऱ्यात." चालवणाऱ्यात निघाला तर आप्पा बोटीवरून खाली. एकतीस वर्षं चालवतायत ते.

मंगळवार, ५ मार्च

दिवसभर तारा. अर्थिंगची तार गंजली होती, ती बदलली. डब्याचे सेन्सर काढून पुसले. सगळी जोडणी एकेक करून हलवून पाहिली. फरक शून्य.

आप्पा चाकापाशी बसून होते. मी मागून विचारलं, "आप्पा, हे कधीपासून होतंय?" ढिम्म! पाण्याकडे बघत राहिले. आणि डाव्या खिडकीतून तिकीटवाल्याने हाक मारली, तर लगेच हात केला त्याला. वाकडं फक्त माझ्याशी.

गेल्या वर्षी मी यार्डात कामाला लागले तेव्हा आप्पा एकदा म्हणाले होते, "वंगणाचे हात घेऊन घरात वावरणार का आता?" तेव्हापासून हे असं. यायला उशीर होतो म्हणून जेवायला दाराजवळची, त्यांच्या उजव्या हाताची खुर्ची माझी झाली. एका हाताचं अंतर! "अजून वाढू का?" विचारलं तर मान ताटात. पलीकडून सासूबाईंनी विचारलं की मात्र "हो, वाढ." मी काही दगड नाही, लागतं मला.

बुधवार, ६ मार्च

बोट दिवसभर फेऱ्यांवर, हात लावता आला नाही. नवरा म्हणाला, "आप्पांच्या कानाशी पंगा घेऊ नकोस बाई." सगळ्या धक्क्याला ठाऊक आहे — आप्पा काट्यांकडे बघत नाहीत, डोळे मिटून कानाने इंजिनं जुळवतात!

गुरुवार, ७ मार्च

सापडलं! दोन्ही मीटरच्या तारांची अदलाबदल केली. दोष तारेत किंवा सेन्सरमध्ये असता, तर जास्तीचा आकडा डाव्या मीटरवर गेला असता. गेला नाही. उजवं मीटरच दीडशे जास्त दाखवतंय. खात्रीसाठी हातमीटर लावलं — पुलीवर चमकती पट्टी चिकटवायची, उजेड मारायचा, आकडा वाचायचा. डबा चालू असताना दोन्ही इंजिनं १८००. तंतोतंत! डबा बिचारा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता, आणि शिव्या खात होता.

आणि ते उजवं मीटर बसवलं कोणी? मीच! यार्डातलं माझं पहिलं काम. मागे एक बारीक स्क्रू असतो. हातमीटरशी ताडून तो फिरवायचा, मग काटा खरा. मी ताडलंच नाही. हेडमिस्त्री हसून म्हणाले होते, "आप्पांची बोट ना? राहू दे. ते काट्यांकडे बघतात कुठे!" मीही हसले. दुसऱ्या कोणाची बोट असती तर तासभर खपले असते.

आज पाच मिनिटांत स्क्रू फिरवला. काटे जुळले. मालकाला लिहायचं — दोष मीटरचा, चूक माझी. आप्पा सुटले!

शुक्रवार, ८ मार्च

सुटले नाहीत.

सकाळी चहा गाळताना डोक्यात आलं आणि गाळणी हातातच राहिली. डबा बंद आणि काटे सारखे, म्हणजे उजवं इंजिन दीडशेने मागे. म्हणून तर बोट घुमत होती! कानाने जुळवणारा माणूस ते घुमणं मिनिटभर सहन करणार नाही. त्याने काटे खुशाल फाकू दिले असते. आप्पा काटे जुळवत होते. वर्षभर!

त्यांना ते ऐकूच येत नाही.

नुसतं मीटरचं लिहिलं तर खोटं नाही. कोणी विचारणारही नाही. अळीमिळी गुपचिळी. पण धुक्यात समोरून भोंगा वाजला तर? साठ माणसं बसतात त्या बोटीत. आणि मी हे सांगितलं तर आप्पा जन्मात माझं तोंड बघणार नाहीत. जेवण गेलं नाही.

शनिवार, ९ मार्च

मालक यायच्या आधी मी बोटीवर गेले. इंजिनं बंद होती. आप्पांच्या अगदी समोर उभी राहिले. म्हटलं, "आप्पा, तुम्ही काटे बघून चालवता ना?"

त्यांनी एकदा काट्यांकडे बघितलं. मग — "कोणी सांगितलं?"

"मीटरने."

हसले! मग म्हणाले, "लोक आप्पांचा कान, आप्पांचा कान करतात. कोणत्या तोंडाने सांगू की तो गेला?"

मी म्हटलं, मीटर मी चुकीचं बसवलं. बरोबर असतं तर कोणाला कळलंही नसतं. "मग बरं झालं चुकलीस," म्हणाले.

मालकाला दोन्ही सांगितलं. मीटरचं मी, कानाचं त्यांनी. तपासणी होईपर्यंत बोट दुसऱ्याकडे. उतरताना आप्पांनी चाकावरून एकदा हात फिरवला. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. डावा निम्मा चालतो. उजवा पूर्ण गेलाय — वर्ष तरी झालं असेल, म्हणाले.

उजवा.

जेवायच्या वेळी माझी खुर्ची उचलली आणि आप्पांच्या डावीकडे नेऊन ठेवली. विचारलं, "आप्पा, अजून वाढू का?"

"वाढ की," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, हळूच — "वंगणाचं बोललो तेव्हापासून तू गप्पच. मला वाटलं, आता बोलायचीच नाहीस माझ्याशी."