परत न आलेला ठिपका

प्रिय छकुली,

तुझं पत्र पोचलं. तू विचारलंस त्याचं उत्तर देते, पण माझ्या पद्धतीने. मला थेट मुद्द्यावर येता येत नाही, यावरून तुझे बाबा किती चिडायचे! आता चिडायलाही कोणी नाही, म्हणून लांबण आणखीच वाढलंय.

आमच्या लसीकरण केंद्राचं जुळं तयार झालंय, हे मी फोनवर सांगितलं होतं. संगणकाच्या पडद्यावर आमचंच केंद्र: तेच दार, तोच डगमगणारा बाक, तोच लसींचा फ्रीज. माणसं म्हणजे ठिपके. तिथे रांग वाढवून बघायची, लस मुद्दाम संपवून बघायची, आणि काय बिघडतं ते कळलं की खऱ्या केंद्रात सुधारणा करायची. नर्सताई म्हणते, हे जुळं गुणी आहे, रजा मागत नाही. ते करणाऱ्या इंजिनीअर बाईंना आम्ही ‘ठिपकेवाली’ म्हणतो. त्याही हसतात.

मी रांगेत नंबराच्या चिठ्ठ्या वाटते, म्हणून एकदा त्यांनी मला शेजारी बसवलं. पडद्यावर लस संपली, ठिपके माघारी वळले. पुढच्या आठवड्यात सगळेच्या सगळे परत आले. मी बघतच राहिले. म्हटलं, बाई, हे सगळे कसे काय परत आले? त्या म्हणाल्या, मावशी, तसं धरून चाललोय, पक्का आकडा नाही आमच्याकडे. माझ्या तोंडून निघून गेलं, आमचा नाही आला. मग माझ्या नातवाचं, टिल्लूचं सांगावं लागलं. तेव्हा तू इथेच राहायला होतीस, त्याला कडेवर घेऊन याच केंद्रात गेलीस, गोवराची लस संपली होती, पुढच्या आठवड्यात या म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात तो तापाने फणफणलेला. त्यापुढचं मला सांगवेना. बाईंनी पडदा बंद केला.

आता माघारी जाणाऱ्यांचा फोन नंबर घेतात आणि लस आली की नर्सताई घरी जाते. चांगलंच झालं. पण कोणाच्या घरी जायला ती पिशवी उचलते, तेव्हा मी चिठ्ठ्या बाजूला ठेवून तिच्यामागे दारापर्यंत जाते गं.

तू लिहिलंस, बाईंना विचार, त्या दिवशी मी धुणं तसंच टाकून तासभर आधी निघाले असते तर टिल्लूला लस मिळाली असती का? बाई पडद्यावर तो दिवस मांडून बघायला तयार होत्या. मीच नको म्हटलं. त्या ठिपक्याला लस मिळाली, तर तू जन्मभर त्या धुण्याला शिव्या देशील. नाही मिळाली, तर स्वतःला बोल लावायला दुसरं काहीतरी शोधशील. मी काय तुला ओळखत नाही? लस कमी आली होती. त्यात तुझा दोष नव्हता, हे सांगायला मला यंत्र लागत नाही.

जावईबापूंचा फोन आला होता. धाकट्या चिमणीला नऊ महिने झाले, गोवराच्या लसीची वेळ आली आणि तिला घेऊन तू दोनदा तुमच्या तिथल्या केंद्राच्या दारातून परत फिरलीस, असं म्हणाले. त्यांच्यावर रागावू नकोस. मी सोमवारी सकाळच्या गाडीने येते. चिमणीला मी मांडीवर घेईन. तुला आत यायला नाही जमलं तर बाहेर थांब, ती रडली की ऐकू येईलच. तिथे लस आहे का, ते मी फोन करून विचारलंय. आहे.

तुझीच,
आई