तिसऱ्या गिअरचे दात

१४ मार्च

दादा,

नमस्कार. तुमची बहीण बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते, पण ते शेजारणीला सांगते, मला नाही. माझ्याशी कामापुरतं: ‘पाणी तापलंय’, ‘फोन वाजतोय’.

गॅरेज चालू आहे. तुमच्या टेबलावरचा पाना कुणी हलवलेला नाही.

काम असं, की डॉक्टरीणबाईंची ती लाल, दोन सीटची जुनी गाडी चार महिने झाकून उभी होती, ती त्यांना पुन्हा चालवायचीय. आपण बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन तसंच ठेवायचं, पण गिअरबॉक्स दणकट हवा. मला दोन रस्ते दिसतात. जुन्याच चार गिअरच्या बॉक्समध्ये जाड दातांचे गिअर घालायचे. जिथल्या तिथे बसेल, पण गाडीभर घुंई आवाज आणि बाहेरचं कवच जुनंच. नाहीतर मोठ्या गाडीचा पाच गिअरचा घ्यायचा. तो ताकद पेलेल, पण तळाचा पत्रा कापावा लागेल आणि लिव्हर चार बोटं मागे येईल. इंजिन मला कळतं, गिअर तुम्हाला. तुमचं मत हवं होतं.

एवढंच लिहून मी पाकीट बंद केलं होतं. तुमच्या बहिणीने ते उचललं, हातात तोलून पाहिलं आणि म्हणाली, “एवढंसंच?”

म्हणून पाकीट फोडलं.

परवा गिअरबॉक्स उघडला. तिसऱ्या गिअरचे दात पार सोलून निघालेत. बाकी बेअरिंगं जागेवर, प्रत्येक बोल्टवर तुमची पांढरी खूण जुळलेली. दोष बसवण्यात नव्हता, हे मला परवा कळलं.

नाही दादा, हे खोटं. मला ते अपघाताच्या दिवशीच ठाऊक होतं.

इंजिन बसवताना तुम्ही म्हणाला होतात, “ताकद दुप्पट करतोयस आणि गिअरबॉक्स जुनाच? चढावर सोडेल हा.” मी हसलो होतो. पत्रा कापायला माझा जीव होत नव्हता आणि बाईंना तारीख देऊन बसलो होतो. चढावर त्याने सोडलंच. गाडी मागे घरंगळत भिंतीवर गेली आणि बाईंच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या वडिलांचं मनगट मोडलं. त्यांचा घड्याळदुरुस्तीचा धंदा. अजून चिमटा नीट धरता येत नाही त्यांना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी गॅरेजमध्ये येऊन विचारलं, “गिअरबॉक्स कुणी बसवला?” मी तुमच्याकडे बोट दाखवलं. प्रश्नाचं उत्तर खरंच होतं, म्हणून तर ते इतकं सोपं गेलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी बोलेन म्हणून थांबलात. मग हात धुतलेत आणि निघून गेलात. बाई तुम्हाला जे जे बोलल्या, ते मी खाली मान घालून ऐकत होतो, जणू तुमच्या वतीने मला लाज वाटत होती.

काल ते सोललेले गिअर कापडात गुंडाळून त्यांच्या दवाखान्यात गेलो. दातांच्या डॉक्टरला दात दाखवायला गेलो म्हणा. सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, “हे माझ्या वडिलांना सांगा. आत्ता.” सांगितलं. म्हातारबुवा ओरडले नाहीत. डाव्या हाताने गिअर उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “तुमच्या मेहुण्याला मी घरी बसून चार महिने शिव्या घातल्या. आता त्या शिव्यांचं काय करू?”



बाईंचं म्हणणं असं: गाडी आपल्याच गॅरेजमध्ये राहील. कुठला गिअरबॉक्स ते तुम्ही ठरवायचं, बसवायचा तुम्हीच. मी त्याला हात लावायचा नाही. मी कबूल केलं. पत्रा कापायचा असेल तर कापा. तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर त्या गाडी दुसरीकडे नेतील, आणि त्यात तुमचा दोष नसेल.

घरी आल्यावर तुमच्या बहिणीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला नको सांगू. त्याला लिही.”

तुम्हाला परत बोलवायचा हक्क मी गमावलाय, म्हणून ‘या’ असं लिहीत नाही. फक्त गाडी उभी आहे, एवढं कळवतो.

ज्याची चूक, त्याचीच ही सही.

तुमच्या बहिणीचा नवरा