शनिवारचा ताप

मंगळवार, २३ सप्टेंबर
माफी. मार्चनंतर या वहीत एक ओळही नाही. माफी कोणाची मागतो आहे ते नक्की सांगता येत नाही. वही माझी, वाचणारा मीच. तरी मागितलेली बरी.

मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात. मार्चमध्ये मोठ्या आतड्याचा तुकडा काढला. उन्हाळाभर केमो. ऑगस्टमध्ये यकृतात दोन गाठी सापडल्या, त्या केमोला दाद देत नाहीत. आज हेलसिंकीला जाऊन एका चाचणीत नाव घातलं. सर्दीचाच विषाणू, पण प्रयोगशाळेत असा घडवलेला की तो कॅन्सरच्या पेशीतच वाढतो आणि तिला फोडतो. सुईने थेट गाठीत सोडणार. तीन वेळा. मग स्कॅन.

नर्स राइली निवृत्तीला आलेली, सगळ्यांना अरे-तुरे करते. तिने दोनदा सांगितलं की ही चाचणी गाठ विरघळते का हे बघायला नाही, माणूस किती डोस सोसतो हे बघायला आहे. मी मान डोलावली, सही केली. माझी तब्येत मुळात किती दणकट आहे हे तिला अजून माहीत नाही.

लेकीला, सेन्नीला, स्कॅन चांगला आल्यावरच सांगायचं. पोरीला सहावा महिना आहे. मार्चमध्ये मी तिला हर्निया म्हणून सांगितलं होतं. हर्नियाही पोटातच होतो.

सोमवार, २९ सप्टेंबर
पहिली सुई. दुखली नाही. (दुखली.)
नियम: प्रत्येक सुईनंतर चौदा दिवस गरोदर बाई नको, तान्हं मूल नको, पोहायचा तलाव नको, सार्वजनिक सौना नको. विषाणू थुंकीतून, घामातून बाहेर पडू शकतो. रोज संध्याकाळी सातला ताप मोजून निळ्या वहीत लिहायचा. ताप आला तर घाबरू नकोस, राइली म्हणाली, कधीकधी शरीर जागं झाल्याची ती खूण असते.
सात वाजता ३६.८.

बुधवार, १ ऑक्टोबर
३६.७. थर्मामीटर आणखी दोन थर्मामीटरांशी ताडून पाहिला. बावीस वर्षं दुकानांचे तराजू तपासतो आहे, उपकरणावर आंधळा विश्वास ठेवत नाही. उपकरण बरोबर आहे. म्हणजे दोष माझ्यात.

शनिवार, ४ ऑक्टोबर
आमच्या इमारतीच्या तळघरातला सौना, भट्टीवरच्या दगडांनी तापणारी घाम काढायची खोली. शनिवारी सहा ते सात ही माझी पाळी, एकोणीस वर्षं. लागोपाठ तीनदा चुकली की पुढच्याला जाते. पुढचा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा ताउनो, निवृत्त प्लंबर. मंगळवार सकाळची रद्दी पाळी आहे त्याची, माझ्यावर डोळा ठेवून आहे. पाळी सोडली तर का सोडली विचारणार. त्याला कळलं की इमारतीला कळलं.
म्हणून फक्त पाळी राखायला गेलो. भट्टी बंद. कोट घालून तासभर बाकावर बसलो. हे सौना घेणं नव्हे, हे तळघरात बसणं.
३६.९.

शनिवार, ११ ऑक्टोबर
गेल्या वेळी ताउनोने जिन्यात विचारलं, काय रे, कोरडाच आलास. त्यामुळे आज भट्टी लावावी लागली. सर्वांत खालच्या, कमी तापणाऱ्या बाकावर बसलो, पंधरा मिनिटं. दगडांवर पाणी टाकलं नाही. नंतर सगळे बाक साबणाने दोनदा धुतले. ऐंशी अंशांत विषाणू टिकत नाही, हे मी स्वतः ठरवलं आहे.
सात वाजता ३८.१!
शंका: सौनामुळे असेल का? प्रामाणिकपणे विचार केला. खालचा बाक, पंधरा मिनिटं, म्हणजे ०.४ सौनाचे. उरलेले विषाणूचे. वहीत ३८.१ लिहिलं, कारण थर्मामीटरने तेच दाखवलं.

सोमवार, १३ ऑक्टोबर
दुसरी सुई. राइलीने विचारलं, मापण्याआधी गरम काही घेतलं होतंस का, कॉफीबिफी? कॉफी घेतली नव्हती. तसं सांगितलं. चाचणीच्या डॉ. लेपिस्तो यांनी ३८.१ भोवती पेनने वर्तुळ काढलं. घरी येताना ट्रेनमध्ये ते वर्तुळच डोळ्यांपुढे. आयुष्यात कोणी माझ्या आकड्याभोवती वर्तुळ काढलं नव्हतं. वर्तुळं मी काढतो.

शनिवार, १८ ऑक्टोबर
मधला बाक. ३८.४.
खालच्या बाकावर पाय गार पडतात आणि त्याने मोजमाप बिघडतं.

बुधवार, २२ ऑक्टोबर
३६.७. मधल्या दिवसांत विषाणू विसावा घेतो असं दिसतं.
संकल्प: या शनिवारी जायचं नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर
वरचा बाक. दगडांवर तीन डाव पाणी. ३८.८.
आलेख काढला. शनिवारचे ठिपके जोडले की सरळ वर जाणारी रेघ. इतर दिवस जोडले नाहीत, रेघ वाकडी होते.

सोमवार, २७ ऑक्टोबर
तिसरी, शेवटची सुई. डॉक्टरांनी विचारलं, ताप शनिवारीच का येतो? मी म्हणालो, आठवड्याचा ताण उतरतो, शरीराला फुरसत मिळते. त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग काहीतरी लिहिलं. सांगायची संधी होती. पण त्यांनी 'सौना' हा शब्द वापरून विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हा आगाऊपणा.

रविवार, २ नोव्हेंबर
(कालही गेलो. ३८.७.)
सेन्नीचा फोन. पुढच्या रविवारी पितृदिन, ती औलूहून येणार. रविवार म्हणजे नऊ तारीख. माझे चौदा दिवस दहाला पुरे होतात.
तिला सांगितलं, इमारतीत पाइप बदलताहेत, पाणी नाही, संडासही बंद. ती म्हणाली, मग कॅफेत भेटू. मी म्हणालो, खोकला आहे. मग म्हणालो, तसाही गावात नाहीये.
एकाच गोष्टीला तीन कारणं देणाऱ्या दुकानदाराचा तराजू मी नेहमी पुन्हा तपासतो.

रविवार, ९ नोव्हेंबर
ती आलीच. दुपारी एक वाजता बेल.
मी आत जमिनीवर बसलो, दाराला पाठ लावून. श्वास तोंडाने. मग आठवलं, विषाणू तोंडातून येतो, म्हणून नाकाने.
बाहेर ताउनोचा आवाज. ती त्याला पाइपांबद्दल विचारत होती. तो म्हणाला, कसले पाइप, पोरी, मी चाळीस वर्षं पाइपच केलेत, इथे काही चालू नाही. आणि हेही म्हणाला की यार्मो कुठे जातोय, काल सौनाला होता, लाल होऊन बाहेर आला, ठणठणीत आहे.
मग पत्रं टाकायच्या फटीतून, माझ्या कानाशी:
"बाबा, कॉफीचा वास येतोय."
मी पाय जवळ ओढून घेतले.
"मी काही केलंय का?"
आमच्या दोघांत चार सेंटिमीटर जाडीचं दार असेल. एक दिवस कमी पडत होता. एकच दिवस. नियम चौदाचा आहे, तेराचा नाही. हा नियम मी पाळला. सौनाचा का पाळला नाही हे मला इथे लिहिता येत नाही.
ती खाली बसली असावी, उठताना भिंतीला धरल्याचा आवाज आला. सातव्या महिन्यात जड जातं. नंतर दार उघडलं तर बाहेर केक, डब्यावर तिच्या अक्षरात 'आजोबांना'.
सात वाजता ३६.६.

बुधवार, १२ नोव्हेंबर
स्कॅन झाला. तिथल्या मुलीने हसून 'भेटू' म्हटलं. वाईट असतं तर हसली नसती.
निकाल चांगला आला की लगेच सेन्नीला फोन. सगळं एकदम सांगायचं, शेवट गोड करून.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
दोनाच्या पाच झाल्या आहेत.
डॉ. लेपिस्तो यांनी पडद्यावर दाखवल्या. चाचणीतून नाव काढावं लागेल. मग मी सगळं सांगितलं. बाक, पाणी, शनिवार, सगळं. विषाणू मीच शिजवून मारला, असं म्हणालो. ओरडतील असं वाटलं होतं.
त्यांनी निळी वही पुढे ओढली आणि भट्टी लावलेल्या शनिवारांचे पाचही आकडे सरळ रेघ मारून खोडले. बाकीचे उपयोगी आहेत म्हणाल्या. शंका त्यांना आलीच होती. मग म्हणाल्या, "यार्मो, तुम्ही सौनात बसला नसता, तरी आज पाचच असत्या."
मी विचारलं, नक्की? थोडंसुद्धा माझ्यामुळे नाही?
"थोडंसुद्धा नाही."
हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपली चूक आपण होऊन कबूल केली, आणि तिचं वजन शून्य भरलं.
पुढे काय, ते त्यांनी सांगितलं. वसंतापर्यंतचं सांगितलं. उन्हाळ्याचं मी विचारलं नाही.
राइली दारापर्यंत आली. थुंकीचे नमुने स्वच्छ आलेत म्हणाली, आता कोणालाही भेट, गरोदर, तान्हं, कोणीही. "सुटलास बाबा," असं म्हणाली आणि लगेच तोंड फिरवून कपाट लावायला लागली.
संध्याकाळी सेन्नीला फोन केला. येतो म्हटलं. कशाला, तिने विचारलं. सांगायचंय म्हटलं. मग म्हणाली, गाडीने येऊ नको, इकडे रस्त्यावर बर्फ आहे. पण ट्रेनमध्ये सहा तास लोकांसमोर बसून वाक्यांची तालीम करता येत नाही, आणि मला ती मोठ्याने करून बघायची आहेत.
उद्या: गाडीला हिवाळी टायर बसवून घेणे.