बर्फाच्या पेटीचा पंप

२३ मार्च, रविवार
पोळ्यानंतर या वहीत एक ओळ नाही. माफी मागायची तर कोणाची, स्वतःचीच. पेपर, घर, बदलीची धास्ती ही कारणं खरी आहेत, पण बरं चाललं की मी लिहीत नाही हे जास्त खरं.

आज विनोदच्या, माझ्या शाळेपासूनच्या मित्राच्या, रेसच्या गाडीचं इंजिन गेलं. क्रम नीट लिहून ठेवतो, नाहीतर चार दिवसांनी मीच तो बदलून टाकीन.

हैदराबादकडचा ट्रॅक. सुपरचार्जर इंजिनात हवा कोंबतो, कोंबलेली हवा तापते. ती गार करायला पुढे छोटा रेडिएटर, डिक्कीत बर्फाच्या पाण्याची पेटी, आणि पाणी फिरवायला लहानसा पंप. माझं काम एकच: प्रत्येक खेपेआधी पेटीत बर्फ भरणे. भरताना पंप कोरडा फिरू नये म्हणून त्याच्या वायरची पिन काढायची, भरून झालं की लावायची.

तिसरी खेप, पाचवी फेरी. आवाज फुटला. निळा धूर. विनोद हेल्मेट न काढताच म्हणाला, "मारोतीनं वाट लावली माझी."

मारोतीभाऊ बल्लारपूरचे. ट्रकांचे गळके रेडिएटर झाळून देतात. पुढचा छोटा रेडिएटर त्यांनीच हातानं बनवला होता.

मी डिक्की उघडली. बर्फ जवळजवळ तसाच, म्हणजे पाणी फिरलंच नव्हतं. पिन बाजूला लोंबत होती.

मी ती लावली. कोणी पाहिलं नाही.

२४ मार्च
इंजिन उघडलं. चौथ्या पिस्टनचा काठ वितळलेला. विनोदनं रेडिएटरचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली मारोतीभाऊंचं नाव आणि "याच्याकडे जाऊ नका". ग्रुपात निम्मे ट्रकमालक.

विसरणं चूक. लावणं काय? हात सवयीनं पुढे गेला असं म्हणता येईल. पण लावण्याआधी मी मागे वळून पाहिलं होतं. सवयीचा हात मागे पाहत नाही.

२६ मार्च
कॉलेज सुटल्यावर विनोदबरोबर बल्लारपूर. ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येईना. रेडिएटर डिक्कीतून काढून विनोदनं मारोतीभाऊंच्या दुकानात, त्यांच्या पुढ्यात आपटला.

"आतमधी झाळ अडकवली तुमी. पाणीच फिरलं नाई."

मारोतीभाऊंनी तो उचलला, लहान मूल उचलावं तसा, पुसला. "असं म्हणता? मंग कापूनच पाहू ना."

"कापू नका, भाऊ," मी म्हणालो.

"काऊन सर? तुमी तर पोरायले फिजिक्स शिकवता. उघडल्याबिगर कसं समजन?"

हॅक्सॉनं दोन्ही बाजूच्या टाक्या कापल्या. पंधरा मिनिटं लागली असतील. मग उजेडाकडे धरून आधी विनोदला दाखवला, मग मला. सगळ्या नळ्या आरपार. प्रत्येकीतून समोरचा रस्ता दिसत होता.

"असा दुसरा नाई होत आता माझ्यानं," ते म्हणाले. "नजर राह्यली नाई."

विनोद म्हणाला, "मंग पंपच भंगार असन."

परत येताना मी ग्रुपवरचा फोटो काढून टाक म्हटलं. "आता काढला तर लोक मलेच हासतीन बे."

पंधरा मिनिटं. तेवढ्यात एक वाक्य बोलायचं होतं.

२८ मार्च
मारोतीभाऊंचा फोन, वर्गात असताना. नंतर मी केला.

"दोन ट्रकवाले येऊन राह्यले नाई सर. नेहमीचे होते. तुमी विनोदभाऊले सांगा ना जरा. तुमचं ऐकते ते."

"सांगतो," म्हणालो.

त्यांना वाटतंय मी मधला माणूस आहे.

२९ मार्च, शनिवार
विनोदनं पंप काढून बॅटरीला लावला. पहिल्याच झटक्याला पाणी अंगणभर.

"पंप तर मस्त चालून राह्यला लेका. मंग झालं काय?"

माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. सातवीपासून गणित अडलं की तो असाच पाहतो.

"विचार करावा लागेल," मी म्हणालो.

विचार करायला काहीच उरलेलं नाही. विनोद हे माफ करणार नाही. इंजिन गेल्याचं माफ करेल, मी गप्प राहिल्याचं करणार नाही. बरोबरच आहे. दुपारभर मनाशी ठरवत होतो की आधी त्याला सांगू. मग लक्षात आलं, त्याला सांगितलं तर मारोतीभाऊंपर्यंत किती पोचवायचं ते तो ठरवणार, आणि मला बल्लारपूरला तोंड दाखवावं लागणार नाही. म्हणूनच ते सोपं वाटत होतं.

उद्या पाडवा. दुकान बंद असेल. हे आठवल्यावर क्षणभर बरं वाटलं, तेही लिहून ठेवतो.

उद्या: मारोतीभाऊंचं घर शोधणे.