आईचा भाड्याचा आवाज

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. वहिनीची पाठ आता कशी आहे? इथं आई ठीक आहे. झटक्यानंतर गेलेली वाचा आली नाही, उजवा हात अजून उचलला जात नाही, पण जेवण चांगलं जातं.

तू फोनवर विचारलंस, ते बोलणारं यंत्र आलं का, तेव्हा मी "आलं, छान आहे" म्हणून विषय बदलला. आलंय खरंच. आई डाव्या हातानं अक्षरं दाबते आणि ते कुणा बाईच्या आवाजात बोलतं.

तू म्हणत होतास, थोडं थांब, इथल्या दुकानातून घेऊ. पण परदेशी साइटवर ते निम्म्या किमतीत दिसलं, आणि आईचे ओठ नुसते हलताना मला बघवत नव्हते. मागवलं. पार्सल कस्टममध्ये अडकलं. जकात भरली, मग ते तिथं पडून राहिल्याचं भाडं भरलं. घरी आलं तर चार्जर आपल्या प्लगात बसेना. नवा आणला, तर यंत्र बोललं परक्या भाषेत. आपली भाषा हवी असेल तर दरमहा वेगळे पैसे. परत पाठवायचं तर खर्च आपला, जवळजवळ यंत्राच्या किमतीएवढा. इथल्या दुकानदारानं हातच लावला नाही. आमच्याकडून घेतलेलं नाही, म्हणाला. विकून टाकावं म्हटलं, तर ते माझ्या खात्याला बांधलेलं, दुसऱ्याकडे चालतच नाही.

एकदा महिन्याचे पैसे भरायला जमलं नाही. संध्याकाळी आई काहीतरी दाबत राहिली, यंत्र पुन्हा परक्या भाषेत भलतंच बडबडलं, तेव्हा तिनं ते उशीखाली सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्याच दिवशी मी घरी ज्यावर कपडे शिवून देत होते ते माझं शिलाई मशीन विकलं.

हे तुला सांगायचं नव्हतं. आता मी गणवेशांच्या कारखान्यात जाते. सकाळी निघते ते दिवेलागणीनंतर परतते. दुपारी शेजारच्या काकू येऊन आईला भरवतात आणि लगेच जातात. आईला आवाज मिळाला, पण ऐकायला घरात कुणी नाही.

शिलाई मशीन दुरुस्तीला दिलंय, असं आईला सांगितलं होतं. परवा मी तिचे पाय चेपत होते, तेव्हा तिनं एकेक अक्षर शोधत बराच वेळ लावला. मग त्या परक्या बाईच्या सपाट आवाजात यंत्र म्हणालं, "मी मुकी होते तेव्हा तू घरी होतीस."

तिनं पुन्हा दाबलं, "बंद कर हे."

बंद केलं तरी गेलेलं मशीन काही परत येत नाही, कारखाना सुटत नाही, आणि ती पुन्हा मुकी होते. चालू ठेवलं तर मी अशीच दिवसभर बाहेर. मी या महिन्याचेही पैसे भरले, दादा. तिनं रागावलेलं ऐकायला मिळालं, तेही त्या यंत्रामुळेच ना.

पैसे मागायला लिहीत नाहीये. जमलं तर सुट्टी काढून ये आणि दुपारी तिच्याजवळ बस. घाई करू नकोस, एका वाक्याला तिला फार वेळ लागतो. मधेच शब्द पुरा करून देऊ नकोस, चिडते. माझ्याबद्दल काही बोलली तर ऐकून घे, मला कळवू नकोस.

कारखान्याची गाडी आली. तुझा नमस्कार आईला सांगून निघते. ती उत्तराची अक्षरं शोधेपर्यंत मी रस्त्यावर असेन.

तुझी,
धाकटी