न्यूट्रलला गप्प

४ फेब्रुवारी

तो ट्रक आज परत आला! मागच्या आठवड्यातच आमच्या गॅरेजात त्याची क्लच प्लेट बदलली होती. चालक चिडलेला — "प्लेट नवी आणि आवाज जुनाच?" मिस्त्री म्हणाले, "तुझा पायच जड आहे." सगळे हसले. मीही हसले, तर सगळे गप्प.

इथे असंच होतं. मी गेले की गप्पा बंद. कामाला लागून दोन महिने झाले, अजून 'मॅडम'च आहे. चहासुद्धा वेगळा, टेबलावर झाकून ठेवलेला. बाकीचे जुन्या टायरांवर बसून पितात. खुर्ची फक्त मला आहे. त्या खुर्चीचाच राग येतो.

५ फेब्रुवारी

चालकाशेजारी बसून स्वतः ऐकलं. न्यूट्रलला गप्प. गिअर टाकून क्लच दाबून धरला की किंचाळतो. पायलट बेअरिंग! इंजिनामागच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या मधोमध बसतं, मुठीत मावेल एवढं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्याच्यावर फिरतं. मागच्या आठवड्यात सगळं उघडलेलं असताना बदलायला हवं होतं. आमच्याकडे कोणी बदलत नाही — 'फिरतंय ना, मग राहू दे.'

मी म्हटलं, गिअरबॉक्स पुन्हा उतरवू. मिस्त्री म्हणाले, "अख्खा दिवस जाईल, मॅडम. आणि आवाज तसाच राहिला तर?"

"तर दुसऱ्या दिवसापासून मी येणार नाही."

का बोलले मी असं? आणि जाणार कुठे? घरी? बाबा माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी जन्मभर ट्रक चालवला. डोळे अधू झाले तशी मागच्या वर्षी गाडी विकली. घरातली पहिली पदवी माझी, इंजिनिअरिंगची. मी इथली नोकरी धरली तेव्हा म्हणाले, "मी ग्रीसमध्ये हात घातले, ते तुला घालायला लागू नयेत म्हणून." बस. त्यानंतर फोनवर आलेच नाहीत. मला सांगायचं होतं — बाबा, पुस्तकातलं यंत्र आवाज करत नाही, आवाज ओळखायला शिकायचं तर इथेच यावं लागतं. पण ऐकायला ते हवेत ना!

६ फेब्रुवारी

हात ठणकतायत, तरी लिहिते. सकाळीच गिअरबॉक्स उतरवला.

बेअरिंग काढायची इथली रीत अशी — मधल्या भोकात ग्रीस ठासायचं, वर नेमका बसेल असा जुना शाफ्ट धरायचा आणि हातोडा मारायचा. ग्रीस मागून रेटतं, बेअरिंग बाहेर येतं. पण हे इतकं झिजलेलं की ग्रीस फटींतून सरळ माझ्या तोंडावर! मागे कोणीतरी खुदकन हसलं. वाटलं, ओला कागद असा निसटणार नाही. पिशवीत बायोडेटाच्या उरलेल्या प्रती होत्या. बादलीत बुडवल्या, पिळल्या, ठासल्या. 'प्रथम श्रेणी' आत जाताना दिसलं. मग घाव, पुन्हा कागद, पुन्हा घाव — आणि बेअरिंग सुटून पायाशी! हातात घेतलं तर नुसतं खुळखुळत होतं.

"डिग्री कामी आली बघा," मिस्त्री म्हणाले. सगळे हसले. मी हसले. या वेळी कोणी थांबलं नाही.

नवं बसवलं, गिअरबॉक्स चढवला. चालकाने गिअर टाकून क्लच दाबला. काही नाही! नुसतं इंजिन. त्याने पुन्हा दाबून बघितलं. "पोरी, आता गाडीत मला करमायचं नाही गं."

मग खोली. कुलूप, दिवा, एक ताट. एवढी मोठी गोष्ट घडली आणि सांगायला कोण, तर भिंती.

७ फेब्रुवारी

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला क्लच कशाशी खातात ते ठाऊक नाही. "बरं बरं. जेवलीस ना?" मग जरा थांबून — "ग्रीसनं का नाही निघालं गं ते?"

आई हे विचारते?

"आई, बाबा आहेत का तिथे?"

"छे! ते बातम्या बघतायत."

टीव्हीचा आवाज मात्र येत नव्हता.

९ फेब्रुवारी

चहा टायरवर बसून प्यायले. खुर्चीवर मिस्त्रींनी फडकी वाळत टाकली आहेत.

१२ फेब्रुवारी

बाबांचा फोन. कशी आहेस वगैरे काही नाही. "गाडीचा क्लच दाबला की आवाज येतोय. काय असेल?"

गाडी? कुठली गाडी!

मी तसं म्हटलं नाही. विचारलं, "न्यूट्रलला येतो, की गिअरमध्ये?"

"थांब हं," बाबा म्हणाले, "आठवून सांगतो."