जुन्या फोनमधला आवाज

१२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार, मामीलाही सांग. फोनवर तुझं एक वाक्य टाइप होईपर्यंत मी विषय बदलून मोकळी होते, म्हणून आज पत्र.

इकडे सगळं ठीक. ऑफिसात तेच रडगाणं. टाइप केलेलं बोलून दाखवणारं आपलं अ‍ॅप नव्या फोनवर नीट करावं तर जुन्यावर बिघडतं, जुन्यावर सावरावं तर नव्यावर अडतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! माझ्या टेबलावर चाचणीचे फोन ओळीने मांडलेत, प्रत्येकात सिस्टिमची वेगळी आवृत्ती. सगळ्यात जुन्याला आम्ही 'आजोबा' म्हणतो. तुझ्या फोनचा जुळा भाऊच. त्याला कुणी नावं ठेवली की मला राग येतो.

घशाच्या ऑपरेशननंतर तू त्या फोनमधून पहिल्यांदा बोललास, तेव्हा तो जाडाभरडा आवाज ऐकून मामी आधी हसली आणि मग रडलीच. आता त्याच आवाजाला ती आतून 'आले हो' म्हणते. तो आवाज अ‍ॅपचा नाही, जुन्या सिस्टिमचा आहे. नव्या फोनमध्ये तो नाही. मी खूप शोधला.

गेल्या आठवड्यात एका बाईंची तक्रार आली. त्यांची मुलगी दवाखान्यात आहे, तिलाही बोलता येत नाही. तिने 'दुखतंय' टाइप केलं आणि अ‍ॅप मध्येच गोठलं. फोन नवाकोरा. चूक निघाली ती आजोबांसाठी आम्ही लावलेल्या ठिगळात. जुन्या सिस्टिमवर अ‍ॅप चालवणं बंद करायचं का, असं साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं. मी 'हो' म्हणाले. मामा, सगळ्यांच्या आधी मीच म्हणाले.

महिनाअखेरीनंतर तुझ्या फोनवर अ‍ॅप उघडणार नाही. अपडेट आलं की तू नेहमी 'नंतर' दाबतोस, पण या वेळी तसं करून भागणार नाही.

रविवारी मी नवा फोन घेऊन येते. त्यातले आवाज ऐकू, मामीला निवडू दे. तुझा आवाज दुसऱ्यांदा जातोय आणि या वेळी माझ्यामुळे, हे मला फार लागलंय. पण त्या मुलीचं 'दुखतंय' तसंच अडकून राहू देणं मला जमलं नाही. तुलाही जमलं नसतं.

नव्या आवाजात आधी मला रागाव, हवं तेवढं. तोवर या आवाजात मामीशी पोटभर बोलून घे.

तुझीच,
चिमणी